जुनी रेघ, नवी रेघ : रस्ता रुंदीकरणाच्या तपासणी नोंदी

6 मे 2025, मंगळवार

काम: फलटण तालुक्यातला एक राज्य रस्ता, साडेपाच मीटरचा दहा मीटर करणे. सात मीटर गाडीरस्ता आणि दोन्ही अंगांना दीड-दीड मीटर पक्की साइडपट्टी. उजव्या हाताला कालव्याची चारी आहे, त्यामुळे सगळी वाढीव रुंदी डावीकडेच घ्यायची. म्हणजे रस्त्याचा मध्यही डावीकडे सरकणार. जुना मध्य उजव्या कडेपासून पावणेतीन मीटरवर, नवा पाच मीटरवर. हा सव्वादोन मीटरचा फरक वहीच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून ठेवला आहे.

पर्यवेक्षण सल्लागाराच्या वतीने माझ्याकडे दोन विषय आले: चालू कामाच्या जागेवरची वाहतूक व्यवस्था आणि रस्त्यावरचे पट्टे. खडी-डांबराच्या मानाने दोन्हींची रक्कम किरकोळ, म्हणून साइटवर दोन्हींकडे बघायचीही तशीच पद्धत.

आज किमी 11/400 (अकरा किलोमीटर 400 मीटर) ते 12/100 पाहिला. डाव्या बाजूला रुंदीकरणाची खोदाई, खोली साठेक सेंटिमीटर, काठ अगदी चालत्या डांबराला लागून. व्यवस्था म्हणून काय, तर चुन्याने रंगवलेले दगड, मधूनमधून डांबराचे रिकामे पिंप आणि लाल-पांढरी फीत. फीत तीन ठिकाणी तुटून चारीत लोंबत होती. ‘पुढे काम चालू आहे’ हा फलक खोदाईच्या चाळीस मीटर आधी, तोही बाभळीच्या फांदीआड.

स्पीड गन आपल्याकडे नाही, पण तिच्यावाचून अडत नाही. शंभर मीटर टेपने मोजले, दोन्ही टोकांना खडूची खूण केली आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर गाड्या धरल्या. बहुतेक जीप आणि छोटा हत्ती 4.8 सेकंदांच्या आसपास. म्हणजे ताशी 75. फलकावर 30 लिहिलंय हे कोणाच्या गावीही नाही. आयआरसी:एसपी:55, म्हणजे कामाच्या जागेवरच्या वाहतुकीची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका, तिचा तक्ता ताशी 51 ते 80 वेगासाठी आगाऊ इशाऱ्याचा टप्पा 100 ते 300 मीटर आणि वाहतूक एका पदरातून दुसरीकडे सरकवणारा तिरका टप्पा, म्हणजे टेपर, 50 ते 100 मीटर मागतो. इथला टेपर मोजला: 22 मीटर. ताशी 75 म्हणजे सेकंदाला जवळपास 21 मीटर. ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला एक सेकंद मिळतो, आणि त्याच सेकंदात त्याला समोरून येणारी एसटीही पाहायची असते.

साइट ऑर्डर बुकात लिहिलं: दगड हटवा, 750 मिमीचे परावर्तक पट्ट्यांचे कोन लावा, टेपर 80 मीटर करा, पहिला फलक 300 मीटरवर न्या, खोदाईचा काठ मुरुमाने उतरता भरून द्या. कंत्राटदाराच्या साइट इंजिनिअरचं उत्तर ठरलेलं: “सर, दगड जड असतात म्हणून ठेवलेत. कोन चोरीला जातात.”

कोन चोरीला जातात हे खरंच आहे. दगड कोणी नेत नाही, हेही खरं. पण रात्री दगडावर आदळलेली मोटारसायकल आणि कोनावर आदळलेली मोटारसायकल यांत काय फरक असतो ते त्यालाही ठाऊक आहे. शिवाय काम संपलं की कोन गाडीत भरून परत जातात. दगड तिथेच राहतो, चुना धुऊन जातो आणि पुढची दोन वर्षं तो कोणाच्या तरी चाकाखाली यायची वाट बघतो.

8 मे, गुरुवार (रात्र)

रात्री साडेनऊनंतर गाडी घेऊन दोन्ही दिशांनी फेऱ्या. एकदा वाहतुकीच्या वेगाने, एकदा सावकाश, कायम डिपरवर. कारण समोरून कोणी येत असेल तेव्हा डिपरच असतो आणि नेमका तेव्हाच पट्टा दिसायला हवा.

परवाचे पाचपैकी चार मुद्दे सुटलेत. कोन आले, पण ओळ सरळ रस्त्यालगत लावली, टेपर तिरका केलाच नाही. दिवसा बघणाऱ्याला ‘कोन लावलेत’ असं दिसतं. रात्री मात्र दिव्यांची एक सरळ रांग दिसते आणि रस्ता सरळच जातोय असं वाटतं.

दोन फलक नवे कोरे आहेत, पण दिव्यात नुसते पांढरे भगभगीत दिसतात, अक्षर वाचता येत नाही. फलक वाहतुकीला अगदी काटकोनात लावला की उजेड आरशासारखा परत डोळ्यात येतो. पाचेक अंश बाहेर वळवायला हवा. मुकादमाला जागेवर दाखवलं. त्याने पाना घेतला आणि दोन मिनिटांत वळवला. पुढच्या फेरीत अक्षर स्वच्छ. या कामात असं फुकटात सुटणारं बरंच असतं.

सौर ब्लिंकर पाच, त्यांतले दोन मेलेले. बाकीचे आपापल्या तालात.

13 मे, मंगळवार

किमी 0 ते 6 मध्ये वरचा थर, म्हणजे बीसी, पूर्ण आहे. तिथे थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवून वितळवायच्या मालाच्या, पट्ट्यांचा पहिला दिवस. पट्टे मारणारी टोळी उपकंत्राटदाराची. पोरं राजस्थानची, हात बसलेला. दोरी टाकून ठिपके मारण्याचं काम इतकं नेमकं की मला टेप काढायची गरज पडली नाही. कुरकुर आहे ती मालाबद्दल आणि तापमानाबद्दल.

बॉयलरवरचा थर्मामीटर बंद. इन्फ्रारेड गन धरली: 226 अंश. उत्पादकाच्या पत्रकात कमाल 200. जास्त तापला की राळ करपते, पांढऱ्यावर पिवळसर झाक येते, आणि माल पातळ होऊन वरून टाकलेले काचमणी बुडतात. मणी निम्म्याहून किंचित जास्त बुडालेला हवा. तेवढा बुडाला तर टिकतो आणि उघड्या अंगातून उजेड परत फेकतो. पूर्ण बुडाला तर पट्टा दिवसा झकास आणि रात्री आंधळा. उलट माल थंड असेल तर मणी नुसते वर बसतात आणि आठवड्यात टायरखाली उडून जातात.

जाडी तपासायला पत्र्याची पट्टी यंत्राच्या वाटेत ठेवली, पट्टा वरून जाऊ दिला, निवल्यावर उचलून व्हर्नियरने मोजली आणि पत्र्याची जाडी वजा केली. 1.9, 2.0, 2.1. हवी 2.5, तीही मणी सोडून. काचमण्यांसाठी 15 सेंटिमीटर रुंद, एक मीटर लांब तबक यंत्राच्या मणी टाकणाऱ्या गनखालून जाऊ दिलं आणि काट्यावर ठेवलं. दर चौरस मीटरला 250 ग्रॅम हवेत, म्हणजे तबकात साडेसदतीस. निघाले 24.

टोळीचा म्होरक्या म्हणाला, पत्रा ठेवला तिथेच यंत्र हललं असेल. असेल. म्हणून संध्याकाळी रिकाम्या पिशव्या मोजल्या. हिशेब सोपा आहे: 15 सेंटिमीटरचा कडेचा पट्टा, एक किलोमीटर, अडीच मिलिमीटर, मालाची घनता साधारण 2. साडेसातशे किलो, म्हणजे पंचवीस किलोच्या तीस पिशव्या. आज 800 मीटर झाला, चोवीस पिशव्या लागायला हव्या होत्या. रिकाम्या निघाल्या एकोणीस. त्या मालात सरासरी जाडी दोन मिलिमीटरलाही किंचित कमीच भरते. पत्रा खोटं बोलला नव्हता.

पट्ट्यांचं बिल चौरस मीटरवर निघतं. रुंदी आणि लांबी कोणीही उभ्या उभ्या मोजतो. पैसा जाडीत लपतो. पोरांना दोष देत नाही. त्यांना रोजच्या पिशव्या मोजून मिळतात, त्यांनी त्या पुरवून वापरल्या.

नोंद: 800 मीटर नामंजूर. वरून दुसरा थर देऊन जाडी भरून काढायची तयारी असेल तर आधी माझ्यासमोर 50 मीटर नमुना.

16 मे, शुक्रवार

नमुना चांगला. तापमान 190, जाडी 2.6. रेट्रोरिफ्लेक्टोमीटर आणला होता. हे पेटीएवढं यंत्र पट्ट्यावर ठेवलं की आत सगळं हिशेबाने ठरलेलं असतं: ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून 1.2 मीटर, दिवा 65 सेंटिमीटर, पट्टा 30 मीटर पुढे. त्या कोनातून किती उजेड परत येतो तो आकडा देतं. आमच्या करारात सुरुवातीला 250 मिलिकँडेला, हमीकाळात किमान 120. मंगळवारचा पट्टा: 168, 174, 190. आजचा: 281, 305, 296.

सुटे मणी झाडून घ्यायला सांगितलं. नव्या पट्ट्यावर ते रव्यासारखे पसरलेले असतात आणि ब्रेक मारणारा दुचाकीवाला त्यावरून सरकतो. शिवाय महिनाभराने या भागातून अनवाणी चालणारी माणसं जाणार आहेत.

21 मे, बुधवार

सलग दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वळवाचा पाऊस. पट्ट्यांचं काम बंद ठेवायला सांगून आलो. ओलावा तपासायची पद्धत टोळीला पुन्हा दाखवली: हातभर प्लास्टिकचा कागद रस्त्यावर चारी बाजूंनी टेपने चिकटवायचा, पाव तास थांबायचं. आतून घाम धरला तर त्या दिवशी बॉयलर पेटवायचाच नाही. वरून कोरडा दिसणारा रस्ता आत पाणी धरून असतो.

26 मे, सोमवार

काल पावसाने कहर केला. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस सगळीकडे पाणी. बारामतीत पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला. आणि आज हवामान खात्याने मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं जाहीर केलं. मे महिन्यात! जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हात मोकळे आहेत असं धरून आखलेला सगळा कार्यक्रम कोलमडला.

किमी 11 ते 12: खोदाईचं तळं झालंय. किती खोल ते कळत नाही. पाणी डांबराच्या पातळीला आल्यामुळे रस्ता कुठे संपतो तेच दिसत नाही. प्लास्टिकचे पोकळ बॅरिअर पाणी भरून ठेवायचे असतात; हे रिकामेच होते, त्यांतले तीन वाहून चारीच्या पुलाला अडकलेत. बूच उघडून बघितलं, बाकीच्यांतही थेंब नाही. साइट इंजिनिअर म्हणाला टँकर मिळत नव्हता. चहूकडे पाणीच पाणी असताना हे ऐकून मुकादमसुद्धा हसला.

आजच्या आज: पंप लावून पाणी काढा, तळ मुरुमाने भरा, जोवर भरत नाही तोवर वाहतूक एका पदरातून, दोन्ही टोकांना झेंडीवाले.

27 मे, मंगळवार

झेंडीवाले आले. एका टोकाला शेजारच्या वस्तीवरची एक मावशी आहे. जाकीट दिलंय, शिट्टी दिलीय, लाल-हिरवी झेंडी दिलीय. वॉकीटॉकी नाही आणि दुसरं टोक वळणाआड. मग समोरची बाजू मोकळी झाली हे कळतं कसं, म्हणून विचारलं.

“दादा, तिकडून शेवटची गाडी सोडली का तो तिच्या ड्रायव्हरकडं बाभळीची डहाळी देतो. डहाळी आली का मी सोडते.”

एकपदरी रेल्वेवर टोकन देतात तीच रीत, यांनी आपली आपण काढली. पद्धत म्हणून ती भक्कम आहे. डहाळी हातात आल्याशिवाय गाडी सुटत नाही. फक्त एखादा ड्रायव्हर डहाळी न देता निघून गेला की दोन्हीकडे खोळंबा. वॉकीटॉकी मागवले. ते येईपर्यंत डहाळीच चालू ठेवा म्हटलं. रात्रीसाठी मात्र हातात दिव्याची कांडी पाहिजे, झेंडी अंधारात दिसत नाही. मावशीला उभं राहायला टेपरच्या आत जागा दिली होती, म्हणजे चुकलेली गाडी आधी तिच्याच अंगावर. तिला टेपरच्या आधी, साइडपट्टीवर, पळायला मागे मोकळी जागा राहील अशी उभी केली.

3 जून, मंगळवार

किमी 3/200 ते 3/700. मी नसताना पट्टा मारलाय. रनिंग बिलात घ्यायचा होता, हे उघड आहे. पट्ट्यावर जिकडेतिकडे मोहरीएवढे फोड, काही फुटून खाली काळं डांबर दिसतंय. ओल्या पृष्ठभागावर 190 अंशांचा माल पडला की खालच्या पाण्याची वाफ होते आणि ती वरूनच वाट काढते. छिन्नी घालून बघितलं, हातभर तुकडा पापडासारखा निघून आला. खालची बाजू स्वच्छ. डांबर अजिबात धरलेलं नाही.

कंत्राटदाराचं म्हणणं, दहा टक्के कापून घ्या आणि सोडून द्या. कापायचं कशासाठी? जो पट्टा चार महिन्यांत उडणार आहे त्याला नव्वद टक्के का द्यायचे? एनसीआर, म्हणजे काम निकषात न बसल्याची लेखी नोंद, काढला: पूर्ण 500 मीटर खरवडून नव्याने. एमबीत, म्हणजे बिलाच्या मोजमाप वहीत, मोजमाप चढवलेलं नाही.

9 जून, सोमवार

बैठक. पालखीच्या दिवसांत पुणे–पंढरपूर रस्त्यावरची जड वाहतूक दुसऱ्या रस्त्यांनी वळवतात. यंदाच्या पर्यायांत आमचाही रस्ता आहे. आषाढी 6 जुलैला, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे ट्रक, टँकर, एसटी, सगळं येणार, आणि बहुतेक रात्री. शिवाय आसपासच्या गावांच्या लहान दिंड्या पालखीला मिळण्यासाठी याच रस्त्याने चालणार. त्यांनाही साइडपट्टी लागणार.

पोलिसांचं म्हणणं रास्त: रस्ता पूर्ण रुंदीने मोकळा द्या, एकपदरी चालणार नाही. 11/400 ते 13/000 मधला खालचा थर, डीबीएम, उघडीप मिळेल तशी पूर्ण करायची, वरचा थर पावसाळ्यानंतर. म्हणजे पालखीच्या वेळी तिथे डावीकडचे साडेचार मीटर नवं डीबीएम आणि उजवीकडचे साडेपाच मीटर जुनं डांबर असं शेजारी शेजारी असणार. जुन्या डांबराच्या मधोमध जुनी पांढरी रेघ आहे.

ती पुसायची, असं इतिवृत्तात माझ्या आग्रहाने आलं. कशी पुसायची हे आलं नाही.

14 जून, शनिवार (रात्र, पाऊस)

डीबीएम परवा झालं. तात्पुरती मध्यरेषा पांढऱ्या रंगाने, पाच मीटरवर, मणी टाकून. जुनी रेघ काळ्या रंगाने झाकलीय. दिवसा पाहिली तेव्हा कुठे आहे ते शोधावं लागत होतं. फोटो पाठवले होते, वरून ‘छान’ असं उत्तरही आलं होतं.

रात्री दहाला, झिमझिम पावसात, गाडीने गेलो. समोरून एक कंटेनर येत होता. त्याच्या दिव्यांत रस्त्यावर एकच रेघ लखलखत होती, आणि ती जुनी. नवी कुठेच दिसत नव्हती.

गाडी बाजूला घेऊन छत्री धरून दोन्ही रेघांवर टॉर्च मारून बघितलं. कारण एकदा समजलं की ते उघडं आहे. नवी रेघ दिसते ती मण्यांमुळे. पाण्याचा थर मण्यांच्या वर चढला की उजेड पाण्यावरूनच पुढे निसटतो, मण्यापर्यंत पोचून मागे येतच नाही. काळ्या रंगाने झाकलेल्या जुन्या रेघेचं उलट. आसपासचं जुनं डांबर खरबरीत, त्यावर उजेड विखुरतो आणि ते काळंच राहतं. रंग दिलेली पट्टी मात्र गुळगुळीत, वर पाण्याचा पातळ पापुद्रा. समोरच्या गाडीचा उजेड तिच्यावरून सरळ डोळ्यात. रंग काळा असो की पांढरा, चकाकी तेवढीच.

म्हणजे पाऊस पडला की खरी रेघ बुडते आणि खोटी उजळते. आता तो सव्वादोन मीटरचा फरक घ्या. पंढरपूरकडे जाणारा ट्रकवाला त्या चमकत्या रेघेला मध्य समजून तिच्या डाव्या अंगाने चालला, तर त्याची अर्धी गाडी समोरच्याच्या पदरात असते. तो नियमाप्रमाणे चालतोय आणि समोरचाही. रेघच नसती तर दोघांनीही भीत भीत, वेग कमी करून गाडी काढली असती.

11/900 ला उभा राहून बघत होतो तेव्हा एका टेम्पोने नेमकं हेच केलं. समोरून मोटारसायकल होती, ती साइडपट्टीवर उतरली. साइडपट्टी मोकळी होती म्हणून निभावलं.

रात्रीच फोन करून कळवलं: काळा रंग हा उपाय नव्हे. दोन्ही टोकांना आत्ताच कोन, वेग 30, आणि उद्या रेघ घासून काढायची. व्हिडिओ पाठवला. यावेळी ‘छान’ आलं नाही.

15 जून, रविवार

घासाईच्या यंत्रासाठी फोनाफोनी. पुण्याहून मंगळवारी येतंय.

17 जून, मंगळवार

यंत्र आलं. सुरुवातीला रेघेपुरतंच, दहा सेंटिमीटर रुंद घासायला घेतलं. वीस मीटरनंतर थांबवलं. रेघ गेली पण तिच्या जागी तेवढ्याच रुंदीचा, तेवढाच सरळ फिकट चर उमटला; पावसात त्यात पाणी साचणार आणि पुन्हा रेघच दिसणार. डोळ्याला रंग लागत नाही, सरळ कड लागते. म्हणून अर्धा मीटर रुंद, कडा मुद्दाम वेड्यावाकड्या ठेवून घासायला लावलं आणि वरून डांबरी इमल्शनचा पातळ हात देऊन बारीक कच मारली, म्हणजे पोत आसपासच्या डांबरासारखा खरबरीत राहील. ऑपरेटरला हे काही पटेना. आयुष्यभर सरळ रेषेत काम करायला शिकलेल्या माणसाला ‘वाकडं कर’ सांगणं अवघड आहे.

घासाईचा दर निविदेत नाही. कंत्राटदाराने जादा बाब म्हणून पत्र दिलंय. पुसणं हे तात्पुरत्या वाहतूक व्यवस्थेतच येतं असं माझं मत लिहून वर पाठवलं. काय ठरेल ते ठरेल. काम त्याच्यासाठी थांबलं नाही, हे साइट इंजिनिअरच्या बाजूने नोंदवतो.

19 जून, गुरुवार

नव्या मध्यरेषेवर स्टड, साइटच्या बोलीत कॅट आय. रंगाची रेघ पाण्यात बुडते, स्टड दोन सेंटिमीटर वर असतो म्हणून पावसात तोच टिकून दिसतो. खिळ्याचे नाही, चिकटवायचे घेतले. पावसाळ्यानंतर वर बीसी येणार आहे, तेव्हा उपटावे लागतील. 9 मीटरवर एक, सोळाशे मीटरला पावणेदोनशेच्या घरात. डांबर ओलं, त्यामुळे प्रत्येक जागा गॅसच्या बर्नरने कोरडी करून मग गोंद. वेळखाऊ काम आहे. वळणावर निम्म्या अंतराने बसवायला सांगितले.

आज आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान. मुकादमाचे वडील दरवर्षी वारीला असतात. तो म्हणाला, “साहेब, म्हातारा याच रस्त्यानं जाईल पालखीला गाठायला.” स्टड बसवताना तो स्वतः दोरी धरून उभा होता.

24 जून, मंगळवार (रात्र)

शेवटची तपासणी. दुपारी सर आली होती, रस्ता ओला. मुद्दाम तेव्हाच गेलो. कोरड्या रात्री पास होणारी व्यवस्था आता कामाची नाही. या वेळी ट्रकच्या केबिनमधूनही पाहिलं. ट्रकवाल्याचा डोळा बराच वर आणि दिवा खाली, त्यामुळे तोच फलक त्याला कारवाल्यापेक्षा मंद दिसतो. 10/900 चा फलक केबिनमधून जवळजवळ मेलेला. हात फिरवला तर चिखलाचा थर. पाण्याने धुतला, उजळला. यापुढे फलक रोज संध्याकाळी धुवायचे, एक माणूस त्यावरच.

जुनी रेघ कंटेनरच्या दिव्यांतही दिसली नाही. घासलेला पट्टा थोडा निराळा दिसतो, पण ‘रेघ’ म्हणून वाचला जात नाही. स्टडची रांग स्वच्छ, वळण दुरून कळतं.

ढगाळ हवेत सौर ब्लिंकर रात्री बारापर्यंतच टिकतात. टेपरच्या ठिकाणचे चार बॅटरीवर घेतले. किमी 7 ते 10 मध्ये काम नाही, तरी 30 चे आणि ‘माणसे काम करीत आहेत’चे फलक उभेच होते. गोणपाट बांधून झाकले. तीन किलोमीटर रिकाम्या रस्त्यावर खोटं सांगणाऱ्या फलकाचं चौथ्या किलोमीटरवर कोण ऐकणार?

27 जून, शुक्रवार (रात्र)

वळवलेली वाहतूक कालपासून सुरू. संध्याकाळी सातनंतर खंड नाही. 11/400 ला पोलिसांचा एक हवालदार आणि आमचे दोन झेंडीवाले. मावशी रात्रपाळीला स्वतःहून आली. तिला वॉकीटॉकी मिळालाय आणि ती त्यावर मोजकंच बोलते.

नऊच्या सुमारास एक दिंडी, पन्नासेक माणसं, पुढे वीणा आणि पताका, मागे सामानाचा ट्रॅक्टर. ट्रॉलीला मागे एकही परावर्तक नाही. आमच्याकडे फलकाच्या शीटिंगचे तुकडे पडले होते, ते ट्रॉलीच्या फळीला चिकटवले, शेवटच्या दोघांना आमची जाकिटं दिली. डाव्या साइडपट्टीवर कोनांची रांग लावून त्यांना आत घेतलं. पताका धरलेल्या आजोबांनी नव्या कडेच्या पट्ट्यावरून चालायला घेतलं, पाय चिखलात जाऊ नये म्हणून. ओला थर्मोप्लास्टिक अनवाणी पायाला निसरडा असतो. “माउली, पट्ट्यावरून नको, डांबरावरून चला,” म्हणून सांगावं लागलं. पट्ट्याच्या घसरणरोधाचा आकडा करारात असतो, पण तो पेंडुलमच्या रबरी तुकड्याने मोजतात. तळपायाने कोणी मोजत नाही. पालखी मार्गांसाठी कडेच्या पट्ट्याला जास्त खरबरीत माल वापरावा असं अहवालात लिहिणार आहे.

रात्री एकपर्यंत थांबलो. एका टँकरने टेपरचे पाच कोन उडवले. गाडी कोनांवरून गेली, माणसांवरून नाही. दगड असते तर टँकर उलटला असता. मुकादमाने शिल्लक कोन काढून पाच मिनिटांत रांग पुन्हा उभी केली.

30 जून, सोमवार

वाहतूक पूर्ववत. साइटवर नोंदवण्याजोगा अपघात नाही. उडालेले किंवा गेलेले कोन 31.

3 जुलै, गुरुवार

आवराआवर. जादा फलक उतरवून स्टोअरला. 3/200 चा पट्टा अजून खरवडलेला नाही. कोरडे दिवस मिळाल्यावर करू म्हणतात, तोवर त्याचं बिल अडवलेलं आहे. घासाईच्या पैशांचा निर्णय वरून आलेला नाही. किमी 0 ते 6 चं रेट्रोचं मोजमाप पावसाळ्यानंतर पुन्हा घ्यायचं, तेव्हा मण्यांचं खरं काय ते कळेल.

11/400 ते 13/000 मध्ये आज चालत जाऊन स्टड मोजले. चौदा निखळलेत, त्यांतले अकरा वळणाच्या आतल्या बाजूला, ट्रकची मागची चाकं जिथून कापून जातात तिथे. नऊ बसवून झाले, गोंद संपला. उरलेले पाच आणि वळणावर जास्तीचे दहा शनिवारी. बीसी पडेपर्यंत दर आठवड्याला मोजणी चालू ठेवायची.